तीस दिवसांची रजा

२ सप्टेंबर

अकरा किलोमीटर झाले, तीनशे नव्याण्णव राहिले. पाठ वाकत नाही, म्हणून तंबूत पालथी पडून लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतंय.

निघताना माझ्या बॅगेचं वजन चौदा किलो होतं, धाकटीच्या बॅगेचं तेरा. धाकटी म्हणजे माझी जाऊ. कॉलेजात असल्यापासून ही पायवाट एकदा पुरती चालायची असं तिच्या मनात होतं. भाऊजी दोन जिने चढले की धापा टाकतात, त्यामुळे तिला सोबत नव्हती. मला वाटतं म्हणूनच तिने मला धरलं. मार्चमध्ये सासूबाई गेल्या. त्याआधीची अकरा वर्षं त्या अंथरुणावर होत्या आणि त्यांचं सगळं मीच केलं. त्यासाठी लॅबमधली नोकरीही सोडली. आता हात रिकामे आहेत, तर धाकटीला सोबत करावी.

नवल ह्यांचं वाटतं. एरवी मी लग्नाला दोन दिवस गेले तरी तासातासाला फोन यायचा. ह्या वेळी स्वतःहून म्हणाले, तीस दिवस जा, मन रमव. भाऊजीही म्हणाले, वहिनी, जाच. बस सुटेपर्यंत दोघे भाऊ खाली उभे होते. मोठ्या वन्सं मात्र आल्या नाहीत. धाकटी म्हणाली, त्यांना सर्दी झालीय.

४ सप्टेंबर

दोन्ही टाचांना फोड. धाकटीने सुई तापवून त्यातून दोरा ओवला आणि दोरा आतच ठेवला. म्हणजे पाणी झिरपत राहतं म्हणे. मी लॅबमध्ये वीस वर्षं लोकांना सुया टोचल्या, पण स्वतःला टोचून घ्यायची वेळ आली तेव्हा डोळे मिटून घेतले.

ती फार थांबते. दर अर्ध्या तासाला हिच्या बुटाची लेस सुटते. मी म्हटलं, दोन गाठी मार. म्हणाली, मारते. पुन्हा अर्ध्या तासाने तेच. त्या निमित्ताने मी दगडावर टेकते खरी, पण माझा वेग मोडतो.

७ सप्टेंबर

आज चढावर एका दुकानापाशी फोन लागला. ह्यांनी तब्येत विचारली आणि लगेच, आईच्या हवेच्या गादीचा पंप कुठे आहे? कपाटावर, निळ्या पिशवीत, असं मी सांगितलं. गादी कुणाला तरी देऊन टाकत असतील. बरं झालं. माझ्याने ती खोली आवरली गेली नव्हती. सहा महिन्यांत मी फक्त दाराशी उभी राहून परत फिरले आहे. ह्यांनी आपणहून हात घातला, हेच विशेष. लग्नाला तीस वर्षं झाली, पण ह्यांना घरातली कात्री कुठे असते ते माहीत नाही.

धाकटीला सांगितलं तर ती म्हणाली, हो का. आणि पुन्हा लेस.

९ सप्टेंबर

दोन दिवस पाऊस. अंगावरचं ओलं, बॅगेतलं ओलं, तंबूच्या तळाशी बोटभर पाणी. पट्टा घासून कमरेवर दोन्हीकडे लाल चट्टे उठलेत. ओल्या मोज्यात सकाळी पाय घालताना जे वाटतं त्याला शब्द नाही.

मला वाटलं होतं, एवढं चालताना माणूस काही मोठा विचार करत असेल. माझ्या डोक्यात फक्त याद्या येतात. सातची गोळी, साडेसातला सूप, आठला चादर. ज्या बाईसाठी त्या याद्या होत्या ती बाई नाही, तरी याद्या चालू. आज संध्याकाळी माझा चमचा सापडेना. साधा स्टीलचा चमचा. सगळी बॅग उपसली, आणि मिळत नाही म्हटल्यावर मी रडायला लागले. चांगली दहा मिनिटं, हुंदके देऊन. सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. लोक म्हणाले, किती खंबीर आहे.

धाकटीने तिचा चमचा मला दिला आणि स्वतः झाकणाने भात खाल्ला.

१२ सप्टेंबर

चांगली बातमी. अंगात ताकद येतेय. बॅग आता पूर्वीसारखी ओढत नाही. काल चढाला मी दोनदाच थांबले. शरीर सवयीचं गुलाम असतं हेच खरं. पन्नाशी उलटली म्हणून काय झालं.

धाकटीचं मात्र उलट चाललंय. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण चढावर तोंड उघडं टाकून श्वास घेते. कपडे बदलताना पाहिलं, दोन्ही खांद्यांची कातडी सोलून निघालीय. मी मलम लावलं आणि जरा उपदेशही केला की दिवसभर खुर्चीत बसायची नोकरी असली की असंच होतं, घरी गेल्यावर व्यायाम सुरू कर. तिने मान खाली घालून मलम लावून घेतलं.

१४ सप्टेंबर

चाललो. खाल्लं. पडलो.

१६ सप्टेंबर

पहिल्या आठवड्यापासून एक गृहस्थ मागेपुढे असायचे. सत्तरीचे, शिट्टी वाजवत चालायचे, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीवाले म्हणायचो. गेले तीन दिवस शिट्टी बंद होती. आज वाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथे ते बॅगेवर बसले होते, बसची वाट बघत. मी विचारलं, पाय दुखावला का? म्हणाले, पाय ठणठणीत आहेत, पण सकाळी उठून बूट घालण्याचं कारण सापडेनासं झालं. किती साधेपणाने म्हणाले. आम्ही पुढे निघालो, तेव्हा त्यांनी हात केला.

दिवसभर ते वाक्य माझ्या पायांत येत होतं. माझं कारण काय? धाकटीला सोबत. पण धाकटी तर दिवसात दहा वाक्यं बोलत नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या गावात फोन. ह्यांचा आवाज उत्साही. आईची खोली रंगवून घेतली, फिकट पिवळी. न्हाणीघराचं दार रुंद केलं, आत धरायला दांडी बसवली, खिडकीशी नवा पलंग. एवढं सगळं? मी विचारलं तर म्हणाले, करायचं तर नीट करावं, तू आल्यावर बघशीलच. मी एकदा म्हटलं होतं, ती खोली मोकळी झाली की तिथे टेबल टाकून बसेन, वाचेन, झालंच तर लॅबचा एखादा कोर्स करेन. ह्यांनी ते लक्षात ठेवलं. दांडीचं काय ते कळलं नाही. आता आपलीही वयं झालीच, म्हणून असेल.

मी हे सगळं धाकटीला हौसेने सांगितलं. तिने ताट सरकवलं आणि पोटात दुखतंय म्हणून उठून गेली. उद्या तिला साधा भातच द्यावा.

१९ सप्टेंबर

आज जे झालं ते लॅबच्या वहीत नोंद करावी तसं क्रमाने लिहिते. नाहीतर मीच मागाहून फिरवून लिहीन.

दुपारी चारला डोंगरातल्या निवाऱ्यात पोचलो. दगडी घर, बारा खाटा, एक शेगडी. ते सांभाळणारी बाई एकटीच असते. तिच्या भाजलेल्या बोटाला पट्टी बांधायला मी औषधांचा डबा काढायला गेले. डबा माझ्या बॅगेत असतो, उजवीकडे तळाशी. तिथे माझा स्वेटर गुंडाळून ठेवलेला होता. धाकटी पाणी आणायला गेली होती, म्हणून मी तिची बॅग उघडली.

माझा औषधांचा डबा. तंबूच्या काठ्या. गॅसची दोन्ही नळकांडी. तांदळाची पिशवी. माझा जाड कोट. भांडं. सगळं माझ्या वाटणीचं.

निवाऱ्याच्या दाराशी वजनकाटा टांगलेला असतो, लोक गंमत म्हणून बॅगा लावून बघतात. मी लावल्या. माझी सात किलो. तिची एकोणीस.

ती कळशी घेऊन आली आणि काट्याला लटकलेली स्वतःची बॅग बघून दारातच थांबली. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, पाचव्या दिवसापासून, रोज सकाळी तू तोंड धुवायला गेलीस की थोडं थोडं, आणि संध्याकाळी तू पाय धुऊन येईपर्यंत सगळं बाहेर काढून ठेवते. मी म्हटलं, मी काय म्हातारी झाले? माझ्यावर दया करायला तुला कुणी सांगितलं? आवाज चढला माझा. ती बाई पट्टीविना बाहेर निघून गेली.

धाकटी खाटेवर बसली. म्हणाली, "दया नाही ताई. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगता येत नाहीये. सांगता येत नाही म्हणून मी ओझं उचललं. तेवढंच जमत होतं."

मग तिने सांगितलं. आम्ही निघण्याच्या बारा दिवस आधी मोठ्या वन्संना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. त्या एकट्या राहतात, लग्न केलं नाही. शेजारणीने दवाखान्यात नेलं. माझ्यापासून सगळ्यांनी लपवलं. महिनाभर त्यांना तिथेच ठेवणार, आणि मग घरी आणणार. आमच्या घरी. पिवळ्या खोलीत.

"दोघा भावांनी ठरवलं की तुला आधी महिनाभर विश्रांती द्यायची आणि आल्यावर सांगायचं. मीही हो म्हटलं. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, माझी नोकरी. सगळी कारणं खरी आहेत. पण ती मी किती पटापट सांगितली, ते माझं मलाच ऐकू आलं."

मी माझ्या वस्तू एकेक करून माझ्या बॅगेत भरल्या. बाईच्या बोटाला पट्टी बांधली. भाजलेल्या जागी फोड फोडू नका म्हणून सांगितलं. मग सात वाजताच भिंतीकडे तोंड करून पडले.

विश्रांती नव्हती ही. दोन पाळ्यांमधली सुट्टी होती.

२० सप्टेंबर

सतरा किलोमीटर, मी दोनशे पावलं पुढे. ती मागे. एकही शब्द नाही. बॅग जड आहे. बारा तारखेला अंगात ताकद आली म्हणून खूश झालेली बाई डोळ्यांसमोरून हलत नाही. आणि वर धाकटीला मी व्यायामाचं ज्ञान पाजलं.

ह्यांना फोन लावला नाही. काय बोलू? वन्सं काही परक्या नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनी शाळेतून रजा काढून मला बघितलं. त्यांना कोण बघणार, हा प्रश्न खराच आहे. त्याचं उत्तर मी, हे सगळ्यांना इतकं सहज कसं सुचलं?

मला सुचलं नसतं असंही नाही. आठ महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर मीच खोली रंगवायला घेतली असती.

आता जे लिहायचं ते लिहून टाकते. त्या दिवशी, मार्चमध्ये, दुपारी चारला मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. चहाचा कप वर नेला होता. सासूबाईंच्या उशाशी घंटी असायची. ती वाजली. मला स्पष्ट ऐकू आली. मी ठरवलं, आधी चहा संपवते. पुन्हा वाजली. मी कठड्यावर बसून चहा संपवला, मग कपड्यांच्या घड्या घातल्या, कडा जुळवून. खाली आले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, काही मिनिटांत झालं, कुणी असतं तरी काही करता आलं नसतं. घंटीचं मी डॉक्टरांना सांगितलं नाही. कुणालाच नाही.

लोकांना वाटतं मी सेवा केली. केलीच. पण शेवटी मी अशी झाले होते की घंटी वाजत असताना मला उठवेना. अशा बाईच्या हाती पुन्हा कुणाला द्यायचं?

२२ सप्टेंबर

आज सगळ्यात उंच खिंड. वारा असा की उभं राहिलं की बॅगेसकट फिरवतो. वर पोचायच्या आधी शंभर पावलांवर माझे पाय थांबले. दुखत होते म्हणून नाही. थांबलेच. शिट्टीवाल्यांचं झालं ते हेच, असं वाटलं. धाकटी मागून आली, माझ्या दंडाला धरून एका मोठ्या दगडाआड घेऊन गेली. दोन दिवसांनी पहिल्यांदा आम्ही शेजारी बसलो. बिस्किटांचा चुरा खाल्ला.

वाऱ्यात ओरडून बोलावं लागत होतं. कदाचित म्हणूनच सांगता आलं. घंटीचं सगळं सांगितलं, चहासकट, घड्यांसकट. मला वाटलं ती म्हणेल, तुझी काय चूक. सगळे तेच म्हणतात आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

तिने बिस्किटांचा रिकामा पुडा घडी करून खिशात घातला. मग कानाशी येऊन म्हणाली, "आम्ही दर रविवारी यायचो. दोन दोन तास बसायचो. त्या दोन तासांत ती घंटी चारपाचदा तरी वाजायची आणि तू उठायचीस. अकरा वर्षं. मी एकदाही उठले नाही ताई. मला ती ऐकूच यायची नाही. तू दोनदा उठली नाहीस, ते तुला सहा महिने ऐकू येतंय."

आम्ही तिथे किती वेळ होतो कुणास ठाऊक. बोटं बधिर झाली म्हणून उठलो. शंभर पावलं मोजत चढले. ब्याण्णवच भरली.

२४ सप्टेंबर

खिंडीखालच्या वस्तीत फोनला रेंज आली. धाकटी म्हणाली, मी बोलते, माझा त्यात हात आहे. मी म्हटलं, तू तुझ्या नवऱ्याशी बोल, माझ्या नवऱ्याशी मी.

दुकानाच्या मागे लाकडांच्या ढिगावर बसून फोन लावला. हे म्हणाले, अगं आज काय लवकर? मी म्हटलं, मला वन्संचं कळलं. मग घाईघाईने, अगं तुला आल्यावर सांगणारच होतो, तुला त्रास नको म्हणून, आणि घरचं माणूस आहे, तुझ्यासारखं कुणाला जमणार आहे.

मी म्हटलं, "वन्संना आणा. खोली त्यांचीच. पण त्यांचं सगळं मी करणार नाही. मला ते पुन्हा जमणार नाही."

"मग कोण करणार?"

"मला माहीत नाही. त्या तुमच्या बहीण आहेत. तुम्ही दोघे भाऊ बसा आणि ठरवा."

म्हणाले, तू थकली आहेस, म्हणून असं बोलतेयस, आल्यावर शांतपणे बोलू. मी म्हटलं, थकले आहे, म्हणूनच खरं बोलतेय. त्यांनी फोन ठेवला. रागाने ठेवला की नुसताच, ते कळलं नाही.

लाकडांच्या ढिगावरून उठायला धाकटीचा हात लागला. मग आम्ही ओझं नीट निम्मंनिम्मं केलं, काट्याशिवाय, अंदाजाने.

२६ सप्टेंबर

फोन नाही. उजव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख आज मोज्याबरोबर निघून आलं. दुखलं नाही, याचंच वाईट वाटलं.

भाऊजींनी धाकटीला फोन करून झापलं. वहिनीला तू फितवलंस म्हणे. ती म्हणाली, हो, फितवलं. आणि मग मला म्हणाली की शनिवार-रविवार वन्संकडे ती येणार, भाऊजी येवोत न येवोत. मी होकार दिला नाही, नकारही नाही. बघू. रविवारी दोन तास येणाऱ्यांनी दोन दिवस यायचं म्हणजे सोपं नाही.

चालताना सारखं वाटतं, मी वाईट बाई आहे का? उतारावर वाटतं, हो. सपाटीवर वाटतं, नाही. चढावर काही वाटत नाही.

२९ सप्टेंबर

वाटेचं शेवटून दुसरं गाव. बसथांब्यासमोरची खोली मिळाली. अठ्ठावीस किलोमीटर राहिले.

संध्याकाळी सहाला ह्यांचा फोन. पाच दिवसांनी. ना कशी आहेस, ना काही. म्हणाले, ताईला आज सकाळी घरी आणलं. मदतनीस बाई परवापासून येणार. नर्सने सांगितलंय दर दोन तासांनी कूस बदला, पण मला काही ती वळत नाही. ओढलं तर ती ओरडते. मागून वन्संचा आवाज आला, हळू रे, हळू. जीभ जड झालेली, पण शाळेतला धाक तोच.

मी उभी राहिले. पाय खोलीतल्या खोलीत चपला शोधायला लागले. खिडकीतून बसथांबा दिसत होता. सकाळी सातची बस, दुपारी मी घरी. दोन मिनिटांत वळवलं असतं मी वन्संना. धाकटी माझ्याकडे बघत होती.

मी खाटेवर बसले आणि म्हटलं, ओढू नका. पलीकडचा गुडघा आधी वाकवा. तो हात छातीवर घ्या. आता तुमचा एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे. आणि जोर हातांचा नाही, तुमच्या पायांचा.

"थांब," ते म्हणाले. "कागद घेतो."

पेन शोधल्याचा आवाज. ड्रॉवर उघडल्याचा, बंद केल्याचा, दुसरा उघडल्याचा. मी सगळं पुन्हा सांगितलं, ते एकेक शब्द म्हणत लिहीत गेले. मग फोन बाजूला ठेवला. बराच वेळ खाटेची करकर आणि ह्यांचा श्वास. मग वन्संचं हुश्श.

फोन परत घेतला तेव्हा ह्यांना धाप लागली होती. म्हणाले, "आई तर हिच्यापेक्षा जड होती. तू एकटी कशी वळवायचीस?"

"अशीच."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज. मग म्हणाले, बरं, आता उशी कुठे ठेवू ते सांग. मी सांगितलं. एक पाठीशी, एक गुडघ्यांच्या मध्ये.

धाकटीने विचारलं, सातची बस धरायची का? मी म्हटलं, उद्या सांगते.

३० सप्टेंबर

सातची बस आली, दोन मिनिटं थांबली आणि गेली. मी खिडकीत बसून बुटाच्या लेस बांधत होते.

आज चौदा किलोमीटर. उद्या चौदा.